दाता म्हणून योग्य नाही

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा चिमी चव्वेचाळीस वर्षांची होती. घरात तिला अजूनही चिमीच म्हणत. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिला नवरा होता, कॉलेजात जाणारी मुलगी होती आणि एकच भाऊ होता. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. लिफ्ट दुरुस्त करायचा. हसरा, बोलघेवडा, कुणाच्याही मदतीला धावणारा माणूस. "अख्ख्या शहराला वरखाली करतो मी," असं म्हणायचा. आता आठवड्यातून तीनदा त्याला चार-चार तास यंत्राला जोडून ठेवत, आणि तिथून बाहेर आला की दोन पायऱ्या चढून तो कठड्याला धरून उभा राही.

घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीचा रक्तगट जुळेना. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दादाला मूलबाळ नव्हतं. उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण चिमीला कुणी विचारलं नाही. उलट सगळे तिच्याशी इकडच्यातिकडच्या गोष्टी जरा जास्तच बोलू लागले. आई म्हणाली, "मी बाई काही म्हणत नाही," आणि खरंच काही म्हणाली नाही.

शेवटी एका रविवारी आईकडे भांडी विसळता विसळता चिमी म्हणाली की मी तपासून घेते. चहा टाकते म्हणावं तितक्या सहज ते तिच्या तोंडून गेलं. वहिनी हातातली बशी पुसायची थांबली. आईने डोळे टिपले. बाहेरच्या खोलीतून दादाचा आवाज आला, "चिमे, तुझी किडनी बसवली तर मी पण तुझ्यासारखा घुम्या होईन का गं?" सगळे हसले, चिमीही हसली. आत काही हललं नाही. तिला वाटलं, होईल. एक-दोन दिवसांत कळेल आपल्याला काय वाटतंय ते.

तपासण्या सहा आठवडे चालल्या. रक्त, लघवी, छाती, हृदय, पोटाचे फोटो, पुन्हा रक्त. प्रत्येक वेळी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आणि दुपारी लॅबमध्ये परत यायची. तिथे दंतवैद्यांकडून आलेले जबड्यांचे साचे डब्यांतून रांगेने ठेवलेले असत. प्लास्टरच्या हिरड्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा बघायचा. चिमीचा हात या कामात चांगला बसलेला होता. समोरचा एखादा दात ती मुद्दाम केसभर तिरका लावायची, म्हणजे कवळी खोटी दिसत नाही. त्या सहा आठवड्यांत तिचं एकही काम परत आलं नाही. मालक म्हणाला, घरी एवढं चाललंय आणि तुमचा हात बघा. हाताला काही ठाऊकच नव्हतं, आणि बाकीच्या अंगालाही.

सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, जुळ्या भावंडांसारखं जुळलंय. ही बातमी तिने फोनवर सांगितली तेव्हा पलीकडे वहिनी रडायला लागली आणि तिचं रडणं थांबेपर्यंत चिमी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो शांत स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाला, "शरीर तुझं आहे. तू ठरवशील त्याला माझी ना नाही." यात वावगं काहीच नव्हतं. पण त्याने हो किंवा नाही काहीतरी म्हटलं असतं तर धरायला काही मिळालं असतं, असं तिला वाटलं.

शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधी तिला एकटीला बोलावलं. दात्याशी वेगळं बोलावं लागतं, असा रुग्णालयाचा नियम होता. लहानशी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. समोर तिथली समाजसेविका बसली होती, पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने यादीतले प्रश्न विचारले. कुणाचा दबाव आहे का? नाही. घरात कुणी धमकी, आमिष, असं काही? नाही. शस्त्रक्रियेची भीती वाटते का? चिमी म्हणाली, मुलीच्या वेळी पोट कापलं होतं, त्यामुळे तसं काही वाटत नाही.

समाजसेविकेने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला द्यायची आहे का?"

"भाऊ आहे माझा."

"ते कागदावर लिहिलंय. मी वेगळं विचारतेय."

बाहेरून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. समाजसेविकेने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना एकच ओळ कळवतो. दाता म्हणून योग्य नाही. कारण सांगत नाही, कुणी कितीही विचारलं तरी. रक्तातलं असेल, मनातलं असेल, ते बाहेर जात नाही."

"मग दादाचं काय?"

"त्यांचं नाव यादीत आहेच. मृत दात्याची मिळू शकते. वेळ लागतो. मिळेलच असं मी म्हणणार नाही." तिने चष्मा चढवून घड्याळ बघितलं. "उद्या चारपर्यंत मला फोन करा. फोन आला नाही तर ठरल्या तारखेला तुम्ही येणार, असं मी धरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी दादाकडे गेली. त्याचं डायलिसिस चालू होतं. प्रत्यक्ष बघितलं की आपोआप ठरेल, असं तिला वाटलं होतं. हॉलमध्ये दहा-बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या शेजारी एक यंत्र. दादा तोंड उघडं टाकून झोपला होता. घोटे सुजलेले. डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली, आणि तिच्यातून निघालेल्या नळीतून त्याचं रक्त यंत्रात जाऊन परत येत होतं. तिने त्याच्या दंडाजवळ बोट टेकवलं. आतलं रक्त थरथरताना बोटाला जाणवत होतं.

ती स्टुलावर बसली आणि दादाने आपल्यासाठी काय काय केलं ते आठवू लागली. बाबा गेल्यावर शिक्षण सोडून तो कामाला लागला म्हणून तिचं शिक्षण झालं. तिने स्वतः नवरा निवडला तेव्हा आई चार महिने बोलत नव्हती. दादानेच आईला वळवलं. मुलीच्या जन्माच्या वेळी रुग्णालयाच्या बाकावर दोन दिवस तोच बसून होता. सगळं खरं होतं. दुसऱ्या पारड्यात टाकायला तिच्याकडे काहीच नव्हतं. भांडण नाही, जुना राग नाही, अपमान नाही. तिने मनात शोधून बघितलं, एखादी तरी गोष्ट सापडावी म्हणून. सापडली नाही. फक्त आपल्याला स्ट्रेचरवरून आत नेतायत असं चित्र डोळ्यांपुढे आणलं की त्या स्ट्रेचरवरची बाई म्हणायची, नको. का, ते ती बाई सांगत नव्हती.

दादा जागा झाला. "कामावर नाही गेलीस?"

"जातेय."

"घोरत होतो का?"

"जरासा."

तो हसला. ओठ कोरडे पडले होते. दिवसाला मोजून तीन पेले पाणी चालायचं त्याला. म्हणाला, डॉक्टर म्हणतात किडनी बसली की हवं तेवढं पाणी प्यायचं. "पाणी, चिमे. घटाघट." ती हो म्हणाली. त्याचं पांघरूण नीट केलं आणि निघाली.

चारला वीस मिनिटं असताना ती लॅबच्या मागच्या जिन्यात गेली आणि फोन लावला. समाजसेविकेने उचलला तेव्हा आपली ओळख काय द्यावी ते तिला सुचेना. "मी काल आले होते," ती म्हणाली. "कवळ्या बनवणारी."

"हो, बोला."

"नाही म्हणायचंय."

पलीकडे पेनाचा आवाज आला. "बरं. शुक्रवारी पत्र जाईल. अजून काही बोलायचंय तुम्हाला?"

चिमी म्हणाली, नाही. जिन्यातून वर आली, हात धुतले आणि खालच्या जबड्याच्या उरलेल्या दाढा बसवल्या. सहा वाजता रोजच्यासारखी घरी गेली. वाटेत भाजी घेतली.

पत्रात खरंच एकच ओळ होती. ती आपल्यावर कुठून तरी कोसळेल, असं चिमी आठवडाभर धरून चालली होती. झालं भलतंच. आईने दोन्ही हातांत तिचा चेहरा धरला. वहिनी गळ्यात पडून म्हणाली, तू तयार झालीस यातच सगळं आलं. दादाने फोन केला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातात होतं ते तू केलंस." नात्यातल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या की भावंडं असावीत तर अशी. मावशीने मुद्दाम घरी येऊन तिची पाठ थोपटली. चिमी मान डोलवायची. जिचं कौतुक चाललंय ती बाई शेजारच्या खोलीत आहे, असं तिला वाटे.

पण योग्य नाही म्हणजे हिच्यातच काहीतरी बिघाड असणार, हा हिशेब लोकांनी पुढे आपणच करून टाकला. आईने तिच्यासाठी मीठ कमी घालून वेगळं शिजवायला सुरुवात केली. जड उचलू नको, थंड पिऊ नको. मुलगी रात्रीची भांडी न सांगता घासू लागली. आणि कधी कुणाच्या अध्यात मध्यात न पडणाऱ्या नवऱ्याने, तिला न विचारता, दुसऱ्या एका किडनीच्या डॉक्टरची वेळ घेतली. "ते सांगत नसतील तर आपण शोधून काढू," तो म्हणाला. ती चार वेळा नको म्हणाली. पाचव्या वेळी तो म्हणाला, "मला झोप येत नाही गं." मग ती गेली.

दवाखान्यात त्यांचा नंबर सातवा होता. पाचवा आत गेला तेव्हा ती म्हणाली, "माझ्यात काही दोष नाही."

"तू घाबरू नकोस."

"दोष नाही म्हणतेय. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हटलं."

तो उठला, नोंदणीच्या खिडकीपाशी जाऊन सांगितलं की आमचा नंबर रद्द करा, आणि दोघं बाहेर पडले. त्याने स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही.

"मला लागली असती तर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तेवढी एक ओळ बोलून टाकली असती तर पुढचं सोपं झालं असतं, हेही तिला कळत होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि स्कूटर सुरू केली. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. रागावलाही नाही. एवढंच झालं की सकाळी तो आपला चहा आपणच करून घेऊ लागला. तिचाही करायचा, झाकून ठेवायचा आणि निघून जायचा.

दादा चौदा महिने यादीत राहिला. मधे त्याच्या हातातली शीर बंद पडली, गळ्यातून नळी घालावी लागली, तिथे जंतू झाले. काम सुटलं. हसणं कमी झालं, मग बोलणंही. चिमी आठवड्यातून दोनदा जायची, एकही आठवडा न चुकता. लोक म्हणत, किती करते बहीण. ती शेजारी बसे, त्याला वर्तमानपत्रातलं काहीबाही वाचून दाखवी. आता त्या समाजसेविकेला फोन करून मी देते म्हणावं, असं तिच्या मनात अनेकदा आलं. ती त्या विचाराकडे नीट बघायची. नंबर तिला पाठ होता. फोन तिने केला नाही.

मग एका मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला की मिळाली, लगेच निघतोय. कुणाची, ते त्यांनाही सांगितलं नव्हतं. एवढंच कळलं की माणूस तरुण होता, डोक्याला मार लागून मेंदू मृत झाला होता आणि घरच्यांनी चार तासांत हो म्हटलं होतं. चार तासांत, हे चिमीच्या लक्षात राहिलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी दादाने काचेपलीकडून तिला भरलेला पेला दाखवला आणि तो तिच्यादेखत रिकामा केला. चिमीने टाळी वाजवल्यासारखे हात केले. आपल्याला आनंद झालाय हे तिला कळत होतं, बाहेर थंडी आहे हे काचेतून कळावं तसं.

तीन महिन्यांनी, दादा हिंडूफिरू लागल्यावर, आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर वहिनीने टेबलावर कागद मांडले. मरणोत्तर अवयवदानाचे अर्ज. कुणा परक्याने आपल्याला दिलं, आपणही द्यायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. आईने विचारलं, माझं आता कोण घेणार? वहिनी म्हणाली, डोळे घेतील. आईने सही केली. चिमीने अर्ज ओढून घेतला. डोळे, हृदय, यकृत, दोन्ही किडन्या, त्वचा. तिने एकापाठोपाठ एक खुणा केल्या. कुठे हात अडला नाही. मेल्यावर द्यायला काहीच वाटत नव्हतं.

"हिला काय विचार करावा लागणार?" आई म्हणाली. "हिने तर जिवंतपणी द्यायची तयारी केली होती."

खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. नवऱ्याने पेन घेतलं. अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, जिथे तिने खुणा केल्या होत्या तिथे थोडा थांबला, आणि सही केली. तिच्याकडे न बघता पेन टोपण लावून परत ठेवलं. कुणाला काही वावगं दिसलं नाही.

दादा गॅलरीत जाऊन उभा होता. चिमी त्याच्या मागे गेली. दार लोटून घेतलं.

"दादा, मी योग्य होते," ती म्हणाली. "मला एकटीला बोलावून विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं."

खाली रस्त्यावर एक बाई गाडी मागे घेत होती, तिला जमत नव्हतं. दादा त्या बाईकडेच बघत राहिला. औषधांनी त्याचा चेहरा सुजलेला होता, त्यामुळे त्यावर काय चाललंय ते कळेना.

"माझा राग होता कसला?"

"नाही."

"भीती वाटली?"

"नाही. नको होतं. का ते मला अजून माहीत नाही."

खालच्या बाईने गाडी एकदाची लावली. मग दादा म्हणाला, "मलाही बोलावलं होतं त्यांनी. त्याच खोलीत. बहिणीची घ्यायची तुमची इच्छा आहे ना, असं विचारलं." त्याने कठडा धरला. "मी त्या बाईंचा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. हो म्हटलं. तुला काय वाटत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, चिमे. नंतरही नाही. आत्ता तू सांगेपर्यंत नाही."

"चौदा महिने," तो म्हणाला, जरा वेगळ्या आवाजात. "गळ्यात ती नळी होती तेव्हा तू शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतीस."

"हो."

"आईला सांगू नकोस." तो वळला. "मी जरा पडतो." दार उघडून तो आत गेला. वहिनीने विचारलं, दमलास का, आणि तो हो म्हणाला.

घरी जाताना नवऱ्याने विचारलं, सांगितलंस का. ती म्हणाली, सांगितलं. काय म्हणाला, असं त्याने विचारलं नाही. घरी आल्यावर ती कपडे न बदलता आडवी झाली आणि उन्हं उतरेपर्यंत झोपली. उठली तेव्हा स्वयंपाकघरात चहा झाकून ठेवलेला नव्हता. नवरा टेबलाशी बसला होता आणि दोन कप तसेच रिकामे समोर होते. तो उठून चहा करायला लागला.

दादाने पुढे सहा आठवडे फोन केला नाही. पूर्वी दिवसाआड करायचा. चिमीनेही केला नाही. आईला वाटलं, कामात आहेत दोघं; दादा अर्धा दिवस कामावर जाऊ लागला होता. सातव्या आठवड्यात त्याचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, म्हणाला, गुरुवारी न्यायचंय.

"तू नेतेस की मी नेऊ?"

"मी नेते."

"बरं."

फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही. मग त्याने विचारलं, पोरगी काय करतेय. चिमीने सांगायला सुरुवात केली. परीक्षा कशा झाल्या, कुठला विषय राहिला, कुठल्या मैत्रिणीशी बोलणं बंद आहे. एवढं तपशिलाने ती कधी बोलायची नाही. तो मधे एकही विनोद न करता सगळं ऐकत होता, आणि ती सांगत राहिली.